पिंपळाखालच्या चार फरश्या

बाबांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि ते एका सापामुळे. अंगणात घडवायला आणलेल्या दगडांचा ढीग असायचा. एका दुपारी त्या ढिगातून साप निघाला आणि पाठमोऱ्या बसलेल्या बाबांच्या टाचेकडे सरकू लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात पिठाची परात घेऊन उभी होते. "बाबा, साप! उठा!" मी ओरडले. बाबांची छिन्नी आपली चालूच. मी पुन्हा ओरडले, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या कुडावरची कोंबडी फडफडत खाली उडाली, पण बाबांनी मान वळवली नाही. साप त्यांच्या टाचेला जवळजवळ घासून कुंपणाच्या बोरीत शिरला. मग केव्हातरी छिन्नीची धार पाहायला त्यांनी हात थांबवला, सहज मागे पाहिलं आणि माझा चेहरा त्यांना दिसला. परातीतलं अर्धं पीठ माझ्या पायांवर सांडलं होतं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी बोरीकडे बोट केलं, मग त्यांच्या कानाकडे. बाबांनी छिन्नी जमिनीवर ठेवली. मग नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात, जो त्यांना स्वतःला मोठा वाटत नव्हता, म्हणाले, "कोनाले सांगू नको."

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं बाबा खदानीत कामाला होते. सुरुंग उडायच्या आधी शिट्टी व्हायची, मजूर पळून आडोशाला बसायचे, कानांवर हात दाबायचे. बाबांचं काम वात पेटवायचं. त्यांना सगळ्यांत शेवटी पळावं लागे, आणि पळताना कानांवर हात ठेवता येत नाहीत. ते कान तेव्हाच गेले असणार. त्याचा हिशेब उशिरा लागला, एवढंच. खदान सोडून ते फरशीच्या कामाला लागले आणि त्यात त्यांचं नाव झालं. आमच्या काळ्या जमिनीत फरशी बसवणं सोपं नाही. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर नुसता रेती-सिमेंटचा माल टाकून दगड मांडला तर दोन पावसाळ्यांत अंगण लाटेसारखं होतं. म्हणून आधी काळी माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसानं ठोकायचा, मग दगडगोटे, मग माल, मग फरशी. हे सगळं नीट झालंय की नाही हे वरून दिसत नाही, ते ऐकावं लागतं. बाबा हातोडी उलटी धरायचे आणि तिच्या लाकडी दांड्यानं प्रत्येक फरशीचे चार कोपरे आणि मधली जागा वाजवून बघायचे. भरीव फरशी ठक्क वाजते आणि गप्प होते. पोकळ फरशी ढब्ब वाजते आणि तिचा आवाज थोडा वेळ खाली रेंगाळतो. "पुंजाजी मिस्त्रीनं वाजवून पाह्यली" असं म्हटलं की वाशीमकडच्या मालेगावपासून आसेगावपर्यंत कुणी पुढे वाद घालत नसे.

सापाच्या त्या दुपारनंतर बाबा मला कामावर सोबत नेऊ लागले. लोकांना सांगत, "पोरगी नळी धरते." पाणी भरलेली लांब प्लॅस्टिकची नळी असते, उतार बघायची, तिचं एक टोक मी धरायची. खरं काम वेगळं होतं. ते वाजवत पुढे जात, मी दोन पावलं मागे. फरशी भरीव असेल तर नळी माझ्या उजव्या हातात, पोकळ असेल तर डाव्या. हे आमचं कधी बोलून ठरलं नाही. पहिल्या दिवशी घाबरून माझ्याकडून नळीचा हात बदलला गेला, त्यांनी पाहिलं, आणि तेच चालू झालं. या गोष्टीतल्या उन्हाळ्यापर्यंत अशी दोन वर्षं गेली होती आणि मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द आपल्या हातात आहे याचा मला अभिमान होता, आणि भीती किती असायला हवी होती हे मला कळत नव्हतं.

आमचं घर आवाजांचं होतं. सकाळी मायच्या भाकरी थापण्यानं ते जागं व्हायचं. मग पाट्यावर मिरची-लसणाचा ठेचा रगडल्याचा आवाज, बकरीचं ओरडणं, आणि अकरा वाजेपर्यंत छिन्नी. माय सोयाबीनच्या, तुरीच्या वावरात मजुरीनं जायची, पण वैशाखात वावरात काम नसे. तेव्हा ती घरच्या वाळवणांना लागायची. खाटेवर धोतर अंथरून कुरड्या, पापड, आणि काडीवर कणकेचे वेढे गुंडाळून काढलेले सरगुंडे. जावई यायचा असला की सरगुंडे उकडायचे आणि आंब्याच्या रसासोबत वाढायचे, ही आमच्याकडची पद्धत. त्या वर्षी माय रोजच सरगुंडे वळत होती, कारण माझी थोरली बहीण कुसुमताई सातव्या महिन्यात माहेरी आली होती आणि जावई गावातच कामाला होता. आता मी वाशीमला तिसऱ्या मजल्यावर राहते. इथे भाकरी थापल्याचा आवाज खालच्यांना त्रास देतो म्हणून मी पोळपाटाखाली फडकं घालते. पण दुपारी कुठे बांधकामावर हातोडी चालली की अजून माझं लक्ष आपोआप तिकडे जातं, ठक्क की ढब्ब.

जावई म्हणजे सुधाकर. चार वर्षं तो बाबांच्या हाताखाली शिकला, मग आमचाच झाला. हात साफ, बोलणं गोड, आणि प्रत्येक गोष्टीची घाई. आमच्या वस्तीतल्या विहारासमोर मोठं अंगण होतं, पावसात चिखलाचं आणि उन्हाळ्यात धुळीचं. लोकांनी ठरवलं की यंदा बुद्धपौर्णिमेच्या आधी तिथे दगडी फरशी करायची. काम बाबांनाच सांगितलं होतं, पण बाबांचे गुडघे गेले होते. ते विहार समितीच्या गुरुजींना म्हणाले, "सुधाकरले द्या. माह्या हातचा पोरगा आहे." गुरुजी म्हणजे आमच्या सगळ्या वस्तीला अक्षर शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी मान डोलावली आणि एवढंच म्हणाले, "पण शेवटी तुमीच वाजवून पाहायचं, मिस्त्री."

वाजवायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि कुसुमताई हाळावर, गुरांच्या पाण्याच्या हौदावर, कपडे धूत होतो. खरं तर मी धूत होते आणि ती काठावर पाय सोडून बसली होती. पायांना सूज होती. ती एकाएकी म्हणाली, "लहाने, उद्या तू जाशीन ना बाबासंगं?"

"रोजच जातो."

"पिंपळाखालचा कोपरा राह्यला आहे त्याचा." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "खाली कायचा तरी खड्डा लागला. भरायला मुरूम नाई पुरला अन् दिवस नाई पुरले. त्यानं वरून टिनाचे पत्रे टाकले, त्याच्यावर माल, अन् फरशी बसवून देली. पौर्णिमा झाली का उकरून भरतो म्हनते."

"मंग बाबाले सांग ना."

"बाबाले सांगितलं तर बाबा चार लोकांत बोलीन. तुले माहीत नाई का बाबा? मंग याले गावात कोन काम देईन? घरी याचे मायबाप आदीच म्हनतात, सासऱ्याच्या नावावर जगते म्हनून. अन् हा चिडला का…"  हाताच्या दंडावरून पदर तिनं पुढे ओढून घेतला. ओढायच्या आधी मला वळ दिसला होता. "तू फक्त हात नको बदलू," ती म्हणाली. "आठ दिवसांचा सवाल आहे."

तेव्हा मला कळलं की आमचं नळीचं गुपित तिलाही माहीत आहे, म्हणजे घरात सगळ्यांनाच माहीत आहे. मी कपडा आपटत राहिले. आपटताना हाळातलं पाणी माझ्या तोंडावर उडत होतं आणि मी ते पुसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत सगळे जमले. अंगण खरंच सुंदर दिसत होतं. निळसर राखाडी फरश्या, सांधे दोरीसारखे सरळ, उतार विहाराकडून रस्त्याकडे. बायकांनी चपला रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या, जणू ते आताच विहाराचा भाग झालं होतं. सुधाकर नवा सदरा घालून उभा होता. बाबा वाकले आणि दारापासून सुरुवात केली. ठक्क. ठक्क. ठक्क. प्रत्येक फरशीला पाच ठोके. मी मागे, नळी उजव्या हातात. एक ओळ, दुसरी ओळ. एका ठिकाणी सांध्यात माल कमी होता तो त्यांनी बोटानं दाखवला, सुधाकरनं पुढे होऊन "भरतो मामाजी" म्हटलं. लोक कौतुकानं बघत होते. पंचवीसेक ओळींनंतर आम्ही पिंपळाखाली पोचलो.

पहिला ठोका पडला. मी आजवर ऐकलेल्या पोकळ फरश्या म्हणजे खाली बोटभर जागा राहिलेल्या. हा आवाज तसा नव्हता. तो खाली गेला, कुठेतरी भिंतीला लागला आणि मग परत आला. रिकाम्या रांजणात कुणी हाक मारावी तसा. दुसरी फरशी तशीच. तिसरी, चौथी. बाबांनी हातोडी थांबवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नळी उजव्या हातात होती. त्यांनी पुन्हा त्याच फरशीवर, त्याच जागी ठोका दिला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बाबांनी एक फरशी दोनदा वाजवलेली मी कधीच पाहिली नव्हती. माझी बोटं नळीवर इतकी आवळली होती की आतलं पाणी वर चढलं आणि टोकातून माझ्या मनगटावर सांडलं. पलीकडे बायकांत कुसुमताई उभी होती, दोन्ही हात पोटावर. मी हात बदलला नाही.

बाबा सरळ झाले. "भरीव आहे," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुधाकरनं वाकून बाबांच्या पायांना हात लावला. गुरुजींनी सगळ्यांना चहा दिला. बाबांनी चहा घेतला, पण बशीत ओतल्यावर ती बशी ते नुसती धरून बसले, आणि त्यांचा उजवा हात, ज्यात मघाशी हातोडी होती तो, मांडीवर उघडा पडला होता. ते त्या तळव्याकडे बघत होते.

त्यानंतर चार दिवस मी त्या कोपऱ्यावर नजर ठेवून होते. दुसऱ्या दिवशी बायकांनी अंगण धुतलं. सगळीकडचं पाणी उतारानं रस्त्याकडे वाहत गेलं. पिंपळाखालचं मात्र वाहिलं नाही. ते एका सांध्याशी गोल फिरलं आणि आत गेलं. मी बादलीवर बादली ओतली. सगळं पाणी गेलं आणि थोड्या वेळानं खालून, फार खालून, टपटप ऐकू आली. माझ्या शेजारी खराट्यानं झाडणारी बाई गाणं गुणगुणत होती, तिला काही जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच सांध्यातून मुंगळ्यांची रांग लागली. प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी काळं होतं. मी खाली बसून एक दाणा काढून घेतला. ज्वारीचा दाणा. जळल्यासारखा काळा, बोटांत दाबला तर भुकटी झाली, आणि त्याला कुबट, आंबूस वास होता.

तो दाणा मी यमुनाआजीला दाखवला. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, तिनं दाणा नाकाशी नेला. "पेवातली जवारी," ती लगेच म्हणाली. "कुठून आनली?"

"विहाराजवळून. आजी, तथी धान्याचं पेव होतं?"

"होतं ना. ही जागा आदी पाटलाचं खळं. मी नवी नवरी असताना तथी खुडायले, वाहायले जात होतो. दोन पुरुस खोल पेव, तोंड लहान अन् पोट मोठं, मडक्यासारखं. वरून गोट्याचं झाकन." ती दाणा बोटांत फिरवत राहिली. "एका साली उघडलं, अन् रामा नावाचा गडी दम न काढता आत उतरला. आत खराब हवा साचते, पोरी. उघडून दिवसभर तसंच ठेवा लागते. तो उतरला अन् आवाज नाई. त्याच्यामांगं त्याचा भाऊ उतरू लागला, त्याले चौघांनी धरून ठेवला. मंग ते पेव बुजवलं असं आमाले सांगतलं. कायनं बुजवलं, बुजवलं का नाई, कोनं पाह्यलं?" तिनं दाणा परत माझ्या हातात दिला. "कायले इचारतं?"

मी घरी आले. माय सरगुंडे उकडत होती, सुधाकर जेवायला बसला होता. रसाच्या वाटीत बोटं बुडवत तो हसत मायला सांगत होता की पौर्णिमेला पिंपळाखाली मुली लेझीम करणार आहेत, गुरुजींनी जागा तीच ठरवली, सावली असते म्हणून. कुसुमताईनं त्याच्याकडे पाहिलं. तो हसतच राहिला, पण त्याच्या हातातला घास ताटात परत गेला. मला वाटतं, त्या क्षणी त्यालाही फरशीखालचा तो खड्डा डोळ्यांसमोर दिसला असेल. तरी तो बोलला नाही. मीही नाही. आम्ही तिघं एका ताटाभोवती बसून गप्प होतो, आणि बाबा काही न ऐकता शांतपणे जेवत होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सरावाला बत्तीस मुली आल्या. पुढारी मी, कारण मी सगळ्यांत मोठी. शिट्टी माझ्या गळ्यात. मी मुद्दाम सगळ्यांना दाराजवळ उभं केलं, तर गुरुजी आले आणि म्हणाले, "अवं उन्हात कायले? सावलीत घे." मुली धावतच पिंपळाखाली गेल्या. माझ्या तोंडात शिट्टी होती, ती वाजवली नाही तरी कुणीतरी ढोलकी सुरू केली. एक पाय पुढे, एक मागे, चौसष्ट पाय एकदम. लेझमांचा खळखळाट एवढा होता की कुणाला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला येत होतं. प्रत्येक पायाबरोबर खालून एक उत्तर येत होतं. आणि मग त्यात काहीतरी नवीन मिसळलं, बारीक, पत्रा वाकताना होतो तसा कुरकुर आवाज. माझ्यासमोर आठ वर्षांची एक मुलगी नाचत होती, तिच्या पायाखालच्या फरशीची कड शेजारच्या फरशीपेक्षा खाली होती. सकाळी ती सारखी होती.

मी शिट्टी फुंकली. इतकी की छातीत दुखलं. "पळा! रस्त्यावर जा सगळ्या! लेझीम तथीच टाका!" मुली हसत, गोंधळत बाहेर गेल्या. त्या सगळ्या गेल्याचं पाहिलं आणि मी घराकडे पळाले.

बाबा अंगणात दगड घडवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. त्यांना कळलं नाही. पळून आल्यानं मी धापा टाकत होते, त्यांना माझ्या ओठांवरून काही वाचता येईना. "काय?" ते म्हणाले. "हळू बोल. काय?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला, जे त्यांनी कधी कुणासमोर केलं नव्हतं. मग मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नाही तशी.

"बाबा! पिंपळाखालची फरशी पोकळ आहे! खाली पेव आहे! मले त्या दिवशी ऐकू आलं होतं! तुमाले ऐकू येत नाई म्हनून तुमी माह्यावर इस्वास ठेवला, अन् मी खोटं बोलली!"

गल्लीत बायका बाहेर आल्या. पलीकडच्या ओट्यावर पत्ते खेळणारी माणसं उठून उभी राहिली. दारात माय, तिच्या मागे कुसुमताई. दोन वर्षं जपलेली गोष्ट मी दोन श्वासांत साऱ्या वस्तीला सांगून टाकली होती. बाबांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"माही हातोडी सांगत होती," ते म्हणाले. "दांडा उडत होता हातात. मी तुह्या कानावर गेलो." रागानं नाही बोलले. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि तसेच, अनवाणी, भर दुपारच्या तापलेल्या रस्त्यानं निघाले.

विहारापाशी पोचेपर्यंत मागे निम्मी वस्ती होती. बाबांनी सगळ्यांना अंगणाच्या कडेला थांबवलं आणि गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, मी बहिरा आहो. दोन सालापासून. वाजवत मी होतो, ऐकत ही होती. तो कोपरा पोकळ आहे. मले उकरू द्या." गुरुजी एक पाऊल पुढे आले. तेवढ्यात सुधाकर धावत आला. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

"मामाजी, कायले तमाशा करून राह्यले? लेकराचं ऐकून? तुमीच पास केलं ना?" बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. तो लोकांकडे वळला. "पाहा, मी स्वतः उभा राहतो. पोकळ असतं तर मी उभा राह्यलो असतो काय?"

"सुधाकर, नको!" कुसुमताईची किंकाळी मागून आली.

तो पिंपळाखाली जाऊन उभा राहिला. काही झालं नाही. त्यानं उडी मारली. काही झालं नाही. दोनचार माणसं सुटल्यासारखी हसली, तोही हसला, हात पसरून म्हणाला, "हे घ्या," आणि पुन्हा उडी मारली. मला आधी पत्रा फाटल्याचा आवाज आला. मग चारही फरश्या आतल्या बाजूला मिटल्या, पुस्तकाची पानं मिटावीत तशा, आणि सुधाकर दिसेनासा झाला. धूळ वर आली. त्या धुळीत मला आधी वासच आला, त्या काळ्या दाण्याचा, शंभरपट.

माणसं पुढे धावली. बाबांनी पहार आडवी धरून सगळ्यांना मागे लोटलं. ते पोटावर झोपले आणि सरपटत कडेला गेले. सुधाकर तळाशी गेला नव्हता. पिंपळाचं एक जाड मूळ पेवाच्या भिंतीतून आत आलं होतं, त्यावर तो काखेत अडकला होता. त्याचं डोकं कडेपासून हातभर खाली, आणि तो ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. बाबांनी दोन्ही हातांनी त्याची मनगटं धरली. चार माणसांनी बाबांचे पाय धरले. ओढताना बाबांच्या छातीखालची माती ढासळत होती आणि ती तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत मी मनात एक, दोन मोजत होते. "सोडू नको," बाबा म्हणत होते, फार मोठ्यानं, कुणाला ते कळत नव्हतं. "सोडू नको, सोडू नको." सुधाकरला वर काढलं तेव्हा त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता आणि ओठ निळे पडले होते. सावलीत निजवल्यावर काही क्षणांनी त्यानं श्वास ओढला आणि ओकला.

त्याला बैलगाडीनं मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपनं दवाखान्यात नेलं. पौर्णिमा झाली. वंदना विहाराच्या आत झाली, जेवणं रस्त्यावर झाली, लेझीम झालं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात ते तोंड उघडंच होतं, भोवती दोरी बांधली होती आणि मुलांना कुणी तिकडे फिरकू देत नव्हतं. लोक येऊन लांबून बघून जात. यमुनाआजीला कुणीतरी धरून आणलं. ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

पंधरा दिवसांनी बाबांनी स्वतः ते पेव भरलं. गुडघे दुखत असताना, दगड, मुरूम, पाणी, धुमस, एकेक वीतभर थर. वस्तीतल्या प्रत्येक घरानं टोपल्या वाहिल्या. त्यानंतर बाबांना फरशी वाजवायला कुणी बोलावलं नाही. त्यांना वाईट वाटलं असेल, पण एक झालं, घरात आम्ही त्यांच्याशी मोकळेपणानं मोठ्यानं बोलू लागलो, आणि बाजारात कुणी हाक मारली तर ते सरळ म्हणत, "बहिरा आहो, समोर येऊन बोल." सुधाकर आठ महिन्यांनी काठी घेऊन चालू लागला. त्यानं त्यानंतर आयुष्यभर भरावाची कामं केली, वरची फरशी दुसऱ्याला द्यायचा. कुसुमताईच्या दंडावर पुन्हा काही दिसलं नाही, की तिनं पदर नीट घ्यायला शिकून घेतलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

बाबांनी मला एकदाच विचारलं होतं, मुरूम ठोकताना, पाठमोरे राहून. "काहून खोटं बोलली?" मी समोर जाऊन म्हटलं, "भेव वाटलं." कशाचं, ते त्यांनी विचारलं नाही. हाळावरचं बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही, बाबा गेले तेव्हाही नाही.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी कुसुमताईला फोन केला. आता तिची नातवंडं कॉलेजात आहेत, सुधाकर जाऊन काही वर्षं झाली. मी म्हटलं, ताई, तुझं नाव येईल त्यात, तू मला गप्प राहायला सांगितलं होतंस ते येईल, लिहू का? 

"बाबाले माहीत होतं," ती म्हणाली. "लेकराच्या बारशाच्या दिवशी मी सांगतलं. दंड बी दाखवला. तो तसाच उठला अन् लेकराच्या बापाजवळ जाऊन बसला, दवाखान्यातून आनलेल्या खाटेवर. काय बोलला ते मले नाई माहीत. बहिरा मानूस, पन हळू बोलला."

"मग मला कधी का नाही सांगितलं?"

"मीच इचारलं होतं, लहानीले सांगू काय म्हनून. तो म्हने, नको. तिनं तुह्यासाठी तोंड बंद ठेवलं, तिले ठेवू दे."  पलीकडे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार आपटलं. मग ती म्हणाली, "आता तूच तोंड उघडून राह्यली. लिही. दंडाचं बी लिही."